एकच डॉपलर रडार, अनेक मोड: कामगिरी न घसरू देता ते कसं चालवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की कुलाबा, वेरावली, गोवा, नागपूर इथल्या हवामान रडारची चित्रं मोबाइलवर फिरू लागतात, आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही. हे पान त्या प्रश्नांसाठी आहे. हौशी हवामान अभ्यासक, इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी आणि रडारवर नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ हे वाचतील असं धरून लिहिलं आहे. गणित लागेल तिथे दिलं आहे, पण ते गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

मोड बदलतो म्हणजे रडारमध्ये नेमकं काय बदलतं?

मुख्यतः चार गोष्टी: पल्स किती मायक्रोसेकंदांची, सेकंदाला किती पल्स सोडायच्या (यालाच पीआरएफ म्हणतात), अँटेना किती वेगाने आणि कोणकोणत्या कोनांवर फिरवायची, आणि लहरी आडव्या, उभ्या की दोन्ही ध्रुवणांत पाठवायच्या. बाकी सगळं, म्हणजे फिल्टर, सरासरी, नकाशे, याच चार निर्णयांच्या मागून येतं. ट्रान्समीटरच्या खोलीत उभं राहिलात तर पीआरएफ बदलल्याचं कानांनाही कळतं, कारण मॉड्युलेटरचा गुंजारव त्याबरोबर चढतो-उतरतो.

सगळं दाखवणारा एकच मोड का ठेवत नाहीत?

निसर्गाचा नियम आडवा येतो. एक पल्स गेली की तिचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत दुसरी सोडायची नाही, असं धरलं तर सेकंदाला १००० पल्सवर रडार जास्तीत जास्त १५० किमीपर्यंतच निःसंदिग्ध पाहू शकतं. ३०० पल्सवर ५०० किमी दिसतं. पण वाऱ्याचा वेग मोजायचा तर एका पल्सपासून दुसरीपर्यंत लहरीची कला (फेज) किती सरकली हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी पल्स एकमेकींच्या जवळ हव्यात. १० सेंटिमीटर तरंगलांबीच्या एस-बँड रडारवर १००० पीआरएफला मोजता येणारा वेग अधिक-उणे २५ मीटर प्रतिसेकंद, ३०० ला जेमतेम अधिक-उणे साडेसात.

पल्ला आणि वेग यांचा गुणाकार कायम असतो: प्रकाशाचा वेग गुणिले तरंगलांबी, भागिले आठ. ट्रान्समीटर कितीही महागाचा आणला तरी हा आकडा हलत नाही. तरंगलांबी लहान झाली की तोही तेवढाच लहान होतो, म्हणून ५ सेंटिमीटरच्या सी-बँडवर ही ओढाताण दुप्पट आणि ३ सेंटिमीटरच्या एक्स-बँडवर तिपटीहून अधिक.

वेगाची मर्यादा ओलांडली तर चित्रात काय होतं?

इथे एक उदाहरण सविस्तर पाहू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किमी होता. ताशी १०८ किमी म्हणजे बरोबर ३० मीटर प्रतिसेकंद. समजा अशा वादळाकडे एस-बँड रडार फक्त ६०० पीआरएफवर पाहत आहे, आणि एका ठिकाणी वारा थेट रडारच्या दिशेने ३० मीटर प्रतिसेकंदाने येतो आहे. ६०० ला मर्यादा अधिक-उणे १५, म्हणजे एकूण पट्टा ३० चा. ३० चा वेग या पट्ट्यात पूर्ण एक फेरी मारून शून्यावर येऊन बसतो.

म्हणजे वादळाचा सगळ्यात घातक वारा पडद्यावर 'स्थिर' दिसेल. इथेच थांबत नाही. डोंगर, इमारती, टॉवर यांचे प्रतिध्वनी काढून टाकणारा क्लटर फिल्टर शून्य वेगाचं सगळं कापतो, त्यामुळे त्या ठिकाणचा पाऊससुद्धा फिकट होतो किंवा गायब होतो. वेगाच्या नकाशात गडद लाल रंगाला एकदम गडद हिरवा चिकटलेला दिसला आणि मधे पांढरट पट्टाच नसला, तर बहुतेक वेळा वेग दुमडलेला असतो. खरा वारा दिशा बदलतो तेव्हा मधे शून्यातून जातो. हा फरक ओळखायला शिकणं हे रडार-वाचनातलं पहिलं कौशल्य आहे असं मी मानतो.

मग दोन पीआरएफ वापरून हे सुटतं का?

बऱ्याच अंशी. एका अंशाच्या पट्ट्यात ६०० आणि पुढच्या अंशात ४५० अशी आलटून-पालटून पीआरएफ ठेवली तर दोन्ही ठिकाणी वेग वेगवेगळ्या प्रकारे दुमडतो. दोन उत्तरं जुळवून खरा वेग काढता येतो. ४:३ च्या या जोडीत मर्यादा १५ वरून थेट ४५ मीटर प्रतिसेकंदावर जाते, आणि पल्ला २५० किमीचा राहतो. आपल्या एस-बँड रडारांच्या डेटावर झालेल्या अभ्यासांत ही जोडी वारंवार दिसते ती याच कारणाने.

किंमत मात्र मोजावी लागते. जुळवणी करताना शेजारच्या दोन अंशांत खरा वेग जवळपास सारखाच आहे असं गृहीत धरलेलं असतं. चक्रीवादळाच्या डोळ्याच्या कडेला किंवा वळवाच्या ढगाखाली वारा अंशागणिक बदलतो, आणि तिथेच जुळवणी चुकते. नकाशात मधेच उलट्या रंगाचे ठिपके उमटतात. ५:४ ची जोडी घेतली तर मर्यादा आणखी वाढते, पण चूक सोसण्याची क्षमता घटते. म्हणून मी ४:३ च्या पुढे सहसा जाऊ नये म्हणेन. ठिपके नंतर सॉफ्टवेअरने साफ करता येतात, पण सफाईच्या नादात खरी लहान भोवरेदार रचनाही पुसली जाऊ शकते. कच्चा डेटा जपून ठेवावा.

५०० किमीचा स्कॅन कितपत भरवशाचा?

येणारं संकट लांबून हेरण्यासाठी उत्तम, पाऊस मोजण्यासाठी निरुपयोगी. पृथ्वीचा गोलावा आणि हवेतलं नेहमीचं वक्रीभवन धरलं तर क्षितिजापासून अर्धा अंश वर उचललेला बीम १०० किमीवर साधारण दीड किमी उंचीवर असतो, २५० किमीवर पावणेसहा किमीच्या आसपास, आणि ५०० किमीवर तब्बल १९ किमीवर. कोकणातला आषाढातला पाऊस पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो. पाच-सहा किमीवरून जाणाऱ्या बीमला तो दिसतच नाही. उलट चक्रीवादळाभोवतीचे किंवा वळवाचे उंच मनोरे खूप लांबून सापडतात.

आणखी एक धोका. कमी पल्ल्याच्या मोडमध्ये हद्दीबाहेरचा ढग आत घुसलेला दिसतो. १००० पीआरएफवर २०० किमीवरचा मोठा ढग ५० किमीवर उमटतो, तोही त्रिज्येच्या दिशेने ताणलेल्या अरुंद पट्टीसारखा. आकाश मोकळं असताना शहरावर अशी पट्टी दिसली तर आधी लांब पल्ल्याचा स्कॅन बघावा.

पल्ला आणि वेग दोन्ही हवे असतील तर?

एकाच कोनावर दोन फेऱ्या मारतात: एक कमी पीआरएफने, प्रतिध्वनी कुठे आहे ते ठरवायला, आणि लगेच दुसरी जास्त पीआरएफने, वेग मोजायला. अमेरिकेचं हवामान रडारांचं नेक्सरॅड जाळं खालच्या कोनांवर हेच करतं. मधल्या कोनांवर एकाच फेरीत थोड्या संथ आणि थोड्या जलद पल्सचे गट आळीपाळीने सोडतात, आणि वरच्या कोनांवर फक्त जलद पल्स ठेवतात, कारण तिथे बीम लवकरच ढगांच्या वर निघून जातो आणि लांबच्या प्रतिध्वनीची भीती उरत नाही.

याहून देखणा मार्ग म्हणजे प्रत्येक पल्सला ठरावीक क्रमाने कलेची खूण देणं. परत आलेला प्रतिध्वनी कोणत्या पल्सचा हे त्या खुणेवरून कळतं, आणि हद्दीतला व हद्दीबाहेरचा ढग वेगळे काढता येतात. नेक्सरॅडमध्ये वापरात असलेली ही संकेतपद्धत सच्चिदानंद आणि झर्निच या जोडीची. त्यातले सच्चिदानंद आयआयटी कानपूरचे प्राध्यापक. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे नाव माहीत असायला हवं.

कमी पीआरएफवर पाऊस मोजताना अचूकता जात नाही का?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फारच कमी जाते. यामागचं कारण समजलं की मोडची सगळी आखणी उलगडते.

अँटेना सेकंदाला १२ अंश फिरत असेल तर एका अंशाच्या वाट्याला ८३ मिलिसेकंद येतात. १००० पीआरएफवर तेवढ्यात ८३ पल्स, ३०० वर २५. पण ढगातले थेंब एकमेकांच्या संदर्भात पुरेसे हलले तरच पुढची पल्स नवी माहिती आणते. एस-बँडवर त्याला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे ८३ पल्स घेतल्या तरी स्वतंत्र नमुने डझनभरच मिळतात, आणि २५ घेतल्या तरी जवळपास तितकेच. पावसाच्या तीव्रतेतली चूक त्या डझनावर ठरते: साधारण दीड डेसिबेल. त्रिज्येच्या दिशेने शेजारचे तीन-चार कप्पे मिळवले की ती एकच्या खाली येते.

वेगाला याच्या नेमकं उलट लागतं. दोन पल्समध्ये थेंब फार हलायला नकोत, म्हणजे नमुने एकमेकांशी निगडित हवेत. म्हणून पावसाच्या तीव्रतेसाठी संथ पल्स आणि वाऱ्यासाठी जलद, ही विभागणी नाइलाजाची नसून दोघांच्याही सोयीची आहे.

दहा मिनिटांत हे सगळं बसतं कसं?

घरखर्चासारखंच आहे, रक्कम ठरलेली, वाटेकरी अनेक. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. अँटेना मिनिटाला दोन फेऱ्या मारते असं धरू. लांब पल्ल्याच्या दोन टिल्टना (टिल्ट म्हणजे अँटेनाच्या एका उभ्या कोनावरची पूर्ण फेरी) ६० सेकंद. २५० किमीपर्यंतच्या दहा टिल्टच्या घनस्कॅनला, म्हणजे सगळ्या कोनांवरच्या फेऱ्यांच्या संचाला, ३००. प्रत्येक टिल्टनंतर कोन बदलून स्थिर व्हायला तीन-चार सेकंद, असे मिळून ४० ते ५०. उरतात १९० च्या आसपास. माझं मत स्पष्ट आहे: यातले निदान ६० सेकंद सगळ्यात खालचा टिल्ट मधेच पुन्हा घेण्यासाठी वापरावेत. दहा मिनिटांत वळवाचा ढग उभा राहून कोसळूही शकतो, आणि जमिनीलगतची बातमी खालच्याच टिल्टमधून येते. नेक्सरॅडमध्ये घनस्कॅनच्या मधे खालचा टिल्ट परत घेण्याची सोय आहे. शिवाय वरच्या कोनांवर काहीच नसेल तर तो स्कॅन आपोआप लवकर संपवतात आणि वाचलेला वेळ पुढच्या फेरीला देतात.

उरलेला वेळ रिसीव्हरचा नॉइज (यंत्राचा स्वतःचा गोंगाट) मोजायला आणि गरज पडली तर एखाद्या ढगाचा उभा छेद घ्यायला ठेवावा. नॉइजचं मोजमाप वगळून वेळ वाचवणं ही खोटी काटकसर आहे. नॉइजची पातळी चुकली की मंद पाऊस एक तर नाहीसा होतो, नाही तर नसलेला उगवतो.

अँटेना दुप्पट वेगाने फिरवली तर सगळेच प्रश्न मिटतील ना?

सपाट प्रदेशात थोडे मिटतील. सह्याद्रीसमोर नाही. क्लटर फिल्टर डोंगर आणि पाऊस यांना वेगाच्या फरकावरून वेगळं करतो. ८३ मिलिसेकंद मिळाले तर एस-बँडवर ०.६ मीटर प्रतिसेकंदाचा फरक टिपता येतो. अँटेना तिप्पट वेगाने फिरवली तर तोच १.८ वर जातो. शिवाय बीम वेगाने सरकल्यामुळे स्थिर डोंगराचा प्रतिध्वनीही वेगाच्या अक्षावर पसरतो. मग फिल्टर रुंद ठेवावा लागतो, आणि बीमला आडवा वाहणारा पाऊस, ज्याचा त्रिज्येतला वेग मुळातच शून्याजवळ असतो, तोही कापला जातो. घाटमाथ्याचा पाऊस मोजायचा तर खालचे एक-दोन टिल्ट संथच घ्यावेत आणि वेग वाढवायचा तो वरच्या टिल्टना. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं एक्स-बँड रडार मांढरदेवीच्या डोंगरावर आहे. घाटातले ढग जवळून पाहायचे तर जागाही अशी उंचावरची लागते.

लांब पल्स आणि आखूड पल्स यांत काय निवडावं?

१ मायक्रोसेकंदाच्या पल्सने १५० मीटरचे बारकावे दिसतात, २ च्या पल्सने ३०० मीटरचे. पल्स दुप्पट केली की पावसाच्या बाबतीत संवेदनक्षमता ६ डेसिबेलने, म्हणजे चौपट वाढते: एकदा दुप्पट आकारमानातले थेंब उजळतात म्हणून, आणि एकदा रिसीव्हरची बँडविड्थ निम्मी करता येते म्हणून. पण ट्रान्समीटरच्या नळीला सरासरी शक्तीची मर्यादा असते. ७५० किलोवॅटचा क्लायस्ट्रॉन १ मायक्रोसेकंदाच्या १००० पल्स देतो तेव्हा सरासरी ७५० वॅट होतात. पल्स दुप्पट तर पीआरएफ निम्मी. म्हणून लांब पल्स देखरेखीच्या स्कॅनला आणि निरभ्र हवेला, आखूड पल्स वेगाला आणि जवळच्या पावसाला.

आता या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक पल्स-लांबीचं कॅलिब्रेशन वेगळं असतं: रडारचा स्थिरांक वेगळा, फिल्टरमधला क्षय वेगळा, नॉइज वेगळा. एका पल्सचं कॅलिब्रेशन केलं आणि दुसरीचं जुनंच राहू दिलं, तर मोड बदलताक्षणी पाऊस अचानक वाढतो किंवा घटतो. नेहमीच्या सूत्राने १ डेसिबेलच्या चुकीचा अर्थ पावसात १८ टक्क्यांचा फरक, ३ डेसिबेलचा अर्थ ६० टक्क्यांहून अधिक. पीआरएफ आणि टिल्टच्या आखणीवर तासन्‌तास चर्चा होते. माझ्या मते कामगिरी तिथे जेवढी जाते त्याहून जास्त इथे जाते, आणि तीही गुपचूप.

सॉलिड-स्टेट रडारच्या चित्रात मधे वर्तुळ का दिसतं?

ही रडारं नळीऐवजी ट्रान्झिस्टरवर चालतात. त्यांची क्षणिक शक्ती कमी, म्हणून पल्स लांबलचक सोडून नंतर गणिताने आकुंचित करतात. ४० मायक्रोसेकंदांची पल्स सुटत असताना रिसीव्हर बंद असतो, तेवढे ६ किमी आंधळे. ते भरून काढायला पाठोपाठ एक आखूड पल्स सोडतात. तिची संवेदनक्षमता कमी, त्यामुळे दोन्ही पल्सच्या सीमेवर मंद पाऊस एकदम तुटल्यासारखा दिसतो. दोन्हींचं कॅलिब्रेशन नीट जुळवलं तर जोराच्या पावसात वर्तुळ जाणवत नाही. मंद पावसात ते थोडं राहणारच.

दुहेरी ध्रुवणाने काही गमावतं का?

हो, ३ डेसिबेल. शक्ती आडव्या आणि उभ्या लहरींत निम्मी-निम्मी वाटली जाते. नेक्सरॅडमध्ये २०११ ते २०१३ दरम्यान ही सुधारणा झाली तेव्हा हा तोटा समजून-उमजून पत्करला गेला, आणि योग्यच केलं. बदल्यात थेंबांचा आकार कळतो, गारा आणि पाऊस वेगळे करता येतात, पक्षी-कीटक बाजूला काढता येतात. पण या मोडला दोन्ही वाहिन्यांमधला फरक ०.१ ते ०.२ डेसिबेलच्या आत जुळलेला लागतो. तो तपासायची रीत साधी आहे: हलका पाऊस पडत असताना अँटेना सरळ आकाशाकडे करून गोल फिरवायची. खालून पाहिलं तर थेंब गोलच दिसतो, म्हणून फरक शून्य यायला हवा. जो काही येईल ती यंत्राची चूक. ज्या रडारची अँटेना ९० अंशांपर्यंत जाते, तिथे ही काही मिनिटं दर हलक्या पावसात काढावीत.

कोणत्या ऋतूत कोणता मोड?

मार्च ते मे या वळवाच्या दिवसांत उंच टिल्ट आणि जलद पुनरावृत्ती, कारण गारा आणि कोसळते वारे वरून खाली येतात. चक्रीवादळ लांब असताना ५०० किमीची देखरेख. ते २५० किमीच्या आत आलं की वेगाच्या स्कॅनला प्राधान्य आणि दुहेरी पीआरएफ. भर पावसाळ्यात खालचे टिल्ट, आखूड पल्स, संथ अँटेना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ च्या आसपास. मुंबईत तेव्हा डॉपलर रडार नव्हतं. इतका तीव्र फरक टिपायचा तर जवळचा बारकावा लागतो. आज कुलाब्याला एस-बँड आणि वेरावलीला सी-बँड असं दुहेरी बळ आहे, तेव्हा एकाने लांबचं आणि दुसऱ्याने जवळचं सांभाळणं शक्य आहे. दोन रडार असताना दोघांनाही एकाच साच्याचा स्कॅन देणं मला पटत नाही.

फेज्ड ॲरे आलं की मोडचा प्रश्न संपेल का?

सैल होईल. अँटेना न फिरवता बीम मायक्रोसेकंदांत दुसरीकडे वळवता येतो, म्हणून पाऊस आहे तिथे जास्त वेळ आणि मोकळ्या आकाशाला कमी, असं करता येतं. अमेरिकेत नॉर्मन इथे नौदलाच्या स्पाय-१ रडारची अँटेना हवामानासाठी वापरून २००३ ते २०१६ प्रयोग झाले. तिथे एकाच अँटेनाने ढग आणि विमानं दोन्ही पाहिली. जपानमध्ये ओसाकाला २०१२ पासून असं रडार १० ते ३० सेकंदांत पूर्ण घनस्कॅन घेतं. पण पल्ला-वेगाचा गुणाकार त्यांनाही तोच आहे. शिवाय सपाट पटलावर बीम तिरका वळवला की तो रुंदावतो आणि ध्रुवणाचं कॅलिब्रेशन दिशेगणिक बदलतं.

वेबसाइटवरचं चित्र कोणत्या मोडचं हे कसं ओळखावं?

आधी बाहेरच्या वर्तुळाचा पल्ला बघा: ५०० च्या आसपास असेल तर देखरेखीचा स्कॅन, तिथे रंगांवरून पावसाचे मिलिमीटर काढू नका. मॅक्स झेड हे अनेक टिल्टमधलं कमाल मूल्य असतं, त्यामुळे वर लटकलेला पण जमिनीवर न पोचलेला पाऊसही गडद दिसतो. जमिनीवरच्या पावसासाठी एसआरआय (जमिनीलगतच्या पावसाच्या तीव्रतेचा नकाशा) बघावं. पीपीआय व्ही (वाऱ्याच्या वेगाचा नकाशा) उघडलं की रंगपट्टीच्या टोकाचा आकडा वाचा. तोच त्या मोडच्या वेगाची मर्यादा सांगतो. त्या टोकाच्या रंगाला विरुद्ध टोकाचा रंग चिकटलेला दिसला, तर वारा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जोराचा आहे असं समजून पुढचा स्कॅन बघा.